प्रश्न आपले, उत्तरे आमची : काचेच्या टाकीतला सकर मासा भीमेच्या पात्रात

गोड्या पाण्यातील जीवांविषयीच्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच माशाविषयी आहेत. पत्रलेखक एकमेकांना ओळखत नाहीत. तरीही पहिल्या दोन पत्रांमध्ये एक नदी वाहते आहे, म्हणून ती पत्रे मुद्दाम लागोपाठ घेतली आहेत.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टाखातर आम्ही घरात अडीच फुटांची काचेची टाकी ठेवली. काचेवरचे शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवतो, असे सांगून दुकानदाराने बोटभर लांबीचा एक काळसर सकर मासा दिला. आता तो फुटाहून मोठा झाला असून त्याला टाकीत धड वळताही येत नाही. त्याचे हाल बघवत नाहीत. त्याला मुळा-मुठेत किंवा जवळच्या तलावात सोडून द्यावे, असे घरात सर्वांचे मत पडले आहे. हे योग्य होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मनातली करुणा खरी आहे, पण कृपा करून हा मासा नदीत, तलावात, विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. या एका वाक्यासाठीच हे उत्तर लिहीत आहे. पुढचे सारे त्याचे कारण समजावे म्हणून.

दुकानदाराने सांगितले ते अर्धे खरे होते. हा मासा लहान असताना काचेवरचे हिरवे शेवाळ खरोखर खरवडून खातो. मात्र त्याची पूर्ण वाढ दीड फुटांच्या आसपास होते आणि तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या सकरची विष्ठा इतकी असते की टाकी स्वच्छ ठेवण्यासाठी आणलेला मासाच टाकी सर्वांत जास्त घाण करू लागतो. त्याला पाच-सहा फूट लांबीची टाकी, दमदार फिल्टर, लपायला पोकळ जागा आणि खरवडायला लाकडाचा ओंडका लागतो. शेवाळावर त्याचे पोट भरत नाही. काकडी, दुधी, पालक आणि तळाशी बसणारे खाद्य त्याला नियमित द्यावे लागते. एवढी सोय घरात होत असेल तर जरूर ठेवा. होत नसेल तर ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्या अनुभवी हौशी माणसाच्या हाती सोपवा. यातले काहीच जमले नाही, तर पशुवैद्यकाकडून त्याला वेदनारहित मरण देणे हा मार्ग उरतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल या द्रव्याने माशाला प्रथम गुंगी आणि पुरेशा मात्रेत मृत्यू येतो. हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण आपण एका जिवाची सुटका म्हणून जे करू पाहता, त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे पुढच्या पत्रात वाचावे. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत जाऊन साठते.

प्रश्न : वडिलांपासून आमची उजनीच्या पाण्यावर मासेमारी आहे. अलीकडे जाळ्यात कटला, रोहू, चिलापी यांच्याबरोबर खडबडीत, काळ्या ठिपक्यांचा एक मासा येतो. त्याला सकर म्हणतात. त्याला गिऱ्हाईक नाही. जाळ्यात असा गुरफटतो की तो सोडवता सोडवता जाळे फाटते. हा मासा आला कुठून, तो दुसरे मासे खातो का आणि यावर उपाय काय? (एक मच्छीमार, इंदापूर तालुका)

उत्तर : आपण वर्णन केलेला मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला आहे. मार्जारमीन, म्हणजे मिशा असलेले मासे, या मोठ्या गटात तो मोडतो. आपला शिंगटा आणि मागूर हे त्याचे दूरचे भाऊबंद, पण त्यांची अंगे गुळगुळीत असतात. याच्या अंगावर मात्र हाडांच्या तकटांच्या ओळी एकावर एक बसवलेल्या असतात. त्याच्या कुळाला लोरिकॅरिडी म्हणतात आणि ते नाव लॅटिनमधील 'लोरिका' या, रोमन सैनिकाच्या छातीवरील चिलखताच्या नावावरून पडले आहे. या एका कुळात हजाराच्या घरात जाती आहेत आणि त्या सर्व मुळात दक्षिण अमेरिका, पनामा व कोस्टा रिका एवढ्याच भूभागातल्या आहेत. आशियातल्या कोणत्याही नदीत या कुळातला एकही मासा निसर्गतः नव्हता. तेव्हा आपल्या जाळ्यात आलेला प्रत्येक सकर हा माणसाने आणलेला आहे, किंवा माणसाने आणलेल्याची संतती आहे. शोभिवंत माशांच्या व्यापारातून तो जगभर पोहोचला. कोणी घरची टाकी रिकामी केली, कुठे पुराने पैदास तळी फुटली, कुठे मत्स्यबीजात त्याची पिल्ले मिसळून आली. उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरे आहेत, आणि शहर म्हटले की घरोघरच्या टाक्या आल्या.

तो शिकारी नाही. दगड, बुंधे आणि गाळ यांवर साचलेला शेवाळ-जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि कुजका पाला हे त्याचे मुख्य अन्न आहे. तोंड खालच्या बाजूला, गोल आणि चूषकासारखे असते. त्याने तो पृष्ठभागाला चिकटतो आणि बारीक दातांच्या ओळींनी थर खरवडतो. तळाला चिकटलेली इतर माशांची अंडी त्या खरवडण्यात पोटात जाऊ शकतात, पण खरे नुकसान निराळ्या मार्गाने होते. मृगळसारखे मासे ज्या तळच्या अन्नावर वाढतात, त्याच ताटात हा जेवायला बसतो, आणि त्याला खाणारे मात्र आपल्या पाण्यात फारसे कोणी नाही. पाठीच्या आणि छातीच्या परांचे पहिले काटे जाड असतात. धोका वाटला की तो ते ताठ उभारून जागच्या जागी अडकवून धरतो. प्वेर्तो रिको बेटावर असा मासा गिळताना घशात अडकून पेलिकन पक्षी मेल्याची नोंद आहे. भिगवणच्या काठावर दरसाल येणाऱ्या पक्ष्यांवर ज्यांची माया आहे, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आपल्या जाळ्याचे नुकसानही त्याच काट्यांमुळे होते. एका जलाशयाच्या काठावर मी एका मच्छीमाराला सकाळच्या वेळी सकर सोडवताना जवळून पाहिले आहे. माशाने छातीचे दोन्ही काटे आडवे रोवले होते आणि नायलॉनचा धागा काट्यावरच्या बारीक दातऱ्यांत रुतला होता. त्या गृहस्थांनी आधी ओले पोते टाकून मासा दाबला, काटा मागे वळवून पाहिला, तो हलेना, तेव्हा कात्रीने आसाचे, म्हणजे जाळ्याच्या भोकाचे, चार धागे कापले आणि मासा बाजूला टाकला. पुढचा मासा सहा आसे कापून निघाला. त्या दिवशी जाळ्यात सोळा सकर होते. विकण्यासारखी मासळी एक पाटीही नव्हती. दुपारचा सगळा वेळ जाळे विणण्यात जाणार, म्हणजे दुसऱ्या दिवसाची कमाईही गेली. वृत्तपत्रांतल्या बातम्यांत या जाळे विणण्याच्या तासांचा हिशोब कधी येत नाही, म्हणून इथे लिहिला.

हे संकट आपल्या एकट्याचे नाही. मेक्सिकोतील बाल्सास नदीवर इन्फिएर्निलो नावाचा प्रचंड जलाशय आहे. तेथील चिलापीची मासेमारी त्या देशात फार मोठी गणली जाई. गेल्या शतकाच्या अखेरीस त्या खोऱ्यात हा मासा शिरला आणि काही वर्षांतच जाळी त्याने भरून येऊ लागली. तिथले कोळी त्याला 'पेस दियाब्लो', म्हणजे सैतान मासा म्हणतात. फिलिपाइन्समध्ये मारिकिना नदीत आणि लगुना दे बाय सरोवरात त्याने हेच केले. तिथे तो 'जॅनिटर फिश', म्हणजे झाडूवाला मासा, या नावाने विकला गेला होता. आपल्या देशात केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश, तेलंगण, पश्चिम बंगाल या राज्यांत त्याने ठाण मांडले असून वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र) या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्व घाटातल्या जलाशयांमधील नुसत्या पाण्याचे नमुने घेऊन त्यात विरघळलेल्या जनुकीय अंशांवरून या माशाचा माग काढला आहे. एकही मासा न पकडता त्याचे अस्तित्व ओळखण्याची ही पद्धत उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयासाठी फार उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. इन्फिएर्निलोतली चिलापी काय किंवा उजनीतली काय, तीही आफ्रिकेतून आणलेली आहे. ती आज आपल्या ताटात आहे आणि आपल्या संसाराचा आधार आहे, म्हणून तिची तक्रार आपण करत नाही. पण पाण्यात बाहेरचा मासा सोडण्याच्या सवयीतूनच तीही इथे आली.

आता उपायाविषयी. मोठ्या जलाशयातून हा मासा समूळ काढून टाकणे आजवर कुठेही साधल्याचे मला माहीत नाही, त्यामुळे खोटी आशा दाखवणार नाही. त्याची संख्या मात्र दाबून ठेवता येते. जाळ्यात आलेला एकही सकर परत पाण्यात टाकू नये. हे वाचायला सोपे आणि पाळायला कठीण आहे, कारण तो काठापर्यंत वाहून आणण्याचे श्रम फुकट जातात. म्हणूनच मच्छीमार सहकारी संस्थांनी मत्स्यव्यवसाय विभागाकडे वजनावर मोबदला मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या लोकांच्या हौसेचा पसारा जलाशयावरच्या माणसाने पदरमोड करून निस्तरावा, हे न्यायाला धरून नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांनी ओढ्यात असा एक मासा धरला. दोन-तीन तास तो नुसत्या ओल्या फडक्यात होता. मेला असे समजून बादलीत टाकला तर पोहू लागला. हे कसे शक्य झाले? आणि या माशाची नेमकी जात कोणती? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलांनी नीट पाहिले आणि आपण लिहून कळवले, याबद्दल आभार. पाण्यात प्राणवायू पुरेसा असला की हा मासा इतर माशांप्रमाणे कल्ल्यांनीच श्वास घेतो. पाणी कोंदट झाले की वर येतो, हवेचा घोट घेतो आणि तो घोट गिळतो. ही हवा त्याच्या जठरात जाते. मी एकदा एका मेलेल्या सकरचे पोट उघडून पाहिले. जठर अगदी पातळ, पारदर्शक पिशवीसारखे होते आणि त्याच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे दिसत होते. त्यात अन्नाचा कण नव्हता. या जठराने अन्न पचवण्याचे काम जवळजवळ सोडून देऊन फुप्फुसाचे काम पत्करले आहे. पचनाचा सगळा भार आतड्यावर, आणि ते आतडे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेले होते. उलगडू लागलो तेव्हा ते माशाच्या लांबीच्या कितीतरी पट निघाले. अंग ओले राहिले की असा मासा पाण्याबाहेर बरेच तास तग धरतो. आटत चाललेल्या डोहात आणि सांडपाण्याच्या नाल्यात इतर मासे गुदमरून मरतात, तिथे तो जगतो याचे रहस्य हेच. थंडी मात्र त्याला मानवत नाही. पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास आले तर तो मरतो. पण दख्खनच्या जलाशयांत एवढे थंड पाणी कधी होत नाही.

जातीविषयी. प्रथम पाठीचा पर उभा करून त्यातले किरण मोजावेत. पहिला जाड काटा सोडून दहा किंवा अधिक मऊ किरण असतील तर तो टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचा. सातच असतील तर हायपोस्टोमस. हायपोस्टोमसची सर्वांत जुनी जात स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नोंदवली तेव्हा अंगावरचे चिलखत पाहून त्याने तिला चक्क, अशाच हाडांच्या तकटांच्या पण अगदी वेगळ्या, स्टर्जन माशांच्या प्रजातीत बसवले होते. आपल्याकडे सापडतात ते बहुतेक टेरिगोप्लिक्थिस. आता मासा उलटा करून पोट पाहावे. फिकट पोटावर सुटे सुटे काळे ठिपके असतील तर ती पार्डालिस ही जात. फ्रेंच निसर्ग अभ्यासक कास्तेल्नो याने १८५५ मध्ये तिचे वर्णन केले, आणि 'पार्डालिस' म्हणजे बिबट्यासारखी ठिपकेदार. ठिपके एकमेकांना जोडून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिस्जंक्टिव्हस, जी मूळची ॲमेझॉनला मिळणाऱ्या मदेरा नदीतली आहे आणि जिचे वर्णन १९९१ मध्ये झाले. आपल्यासारख्या नव्या मुलखात मात्र पुष्कळदा दोन्हींच्या मधली नक्षी दिसते, कारण या दोन जातींचा संकर होत असावा असे अभ्यासक मानतात. तेव्हा मुलांना एखादे पोट दोन्ही प्रकारचे दिसले तर ते चुकले असे समजू नये.

आणखी एक निरीक्षण मुलांना जरूर करायला सांगा. मासा अंधारातून उजेडात आणला की त्याच्या बुबुळाचा वरचा भाग पापणीसारखा खाली उतरतो आणि बाहुली घोड्याच्या नालेच्या आकाराची होते. अंधारात ती पुन्हा गोल होते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा अर्धा तास टाकीवरचा दिवा लावत आणि मालवत बसलो होतो. पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हळूच बोट फिरवले तर कानशीवर फिरवल्यासारखे लागते. तकटांवर दातांसारखेच बारीक कंगोरे असतात, त्याचा तो स्पर्श आहे.

प्रश्न : माझ्या शेताला लागून मातीच्या भरावाचे जुने तळे आहे. त्यात मत्स्यपालन करायचे आहे. हा मासा बांध पोखरतो असे ऐकले. खरे आहे का? (एक शेतकरी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : खरे आहे. नर पाण्याखालच्या उभ्या मातीच्या काठात एक ते दीड मीटर लांबीचे बीळ खणतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि अंडी फुटेपर्यंत नर बिळात राखण करतो. ॲमेझॉनच्या पूरमैदानात ही रीत चांगली फळते, कारण तिथे नदीचे पाणी दरवर्षी कित्येक मीटर चढते-उतरते आणि काठ तसेही बदलत राहतात. मातीच्या बांधाला मात्र ती मानवत नाही. शेकडो बिळे झाली की काठ सैल होऊन ढासळतो; फ्लोरिडातल्या तलावांच्या आणि कालव्यांच्या काठांवर हे घडले आहे. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात त्याला खणता येत नाही, पण आपले तळे मातीचे आहे. तेव्हा मत्स्यबीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे आणि बोटुकली सोडण्यापूर्वी पांढऱ्या घमेल्यात ओतून पाहावी. तळाला चिकटून बसणारे, काळसर पिल्लू वेगळे दिसते. पाणी आत येण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. मासा आधीच शिरला असेल तर तळे पूर्ण आटवावे. मात्र ओल्या बिळात तो दीर्घ काळ टिकतो, म्हणून काठाची बिळे एकेक उकरून पाहिल्याशिवाय पुन्हा पाणी भरू नये.

प्रश्न : एवढा मिळतो तर हा मासा खायचा का नाही? तो विषारी आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो विषारी नाही. त्याच्या मायदेशात तर तो आवडीचा आहे. ब्राझीलमध्ये खालच्या ॲमेझॉनच्या काठावर त्याला 'अकारी' किंवा 'बोदो' म्हणतात. लोक तो कवचासकट निखाऱ्यावर भाजतात आणि मग कवच भांड्यासारखे वापरून आतले मांस खातात. सांतारेमच्या परिसरात त्याचे मांस भाजून, काटे काढून, तव्यावर परतून कोरडे पीठ करतात. त्याला 'पिराकुई' म्हणतात आणि ते महिनोन्महिने टिकते. आपल्या सुकटीच्या चटणीची आठवण यावी असाच तो प्रकार आहे.

अडचण माशात नसून पाण्यात आहे. हा तळचा गाळ खरवडून खातो, आणि शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या पाण्याच्या गाळात जड धातू असू शकतात. ते माशाच्या अंगात साचतात. मारिकिना नदीतल्या माशांबाबत फिलिपाइन्समध्ये हीच काळजी व्यक्त झाली. म्हणून प्रयोगशाळेत मांसाची तपासणी झाल्याशिवाय अशा पाण्यातला सकर खाऊ नये, कोंबड्यांच्या किंवा माशांच्या खाद्यातही घालू नये, असे मी सांगेन. शिवाय डोके आणि कवच वजा जाता मांस थोडेच निघते. मात्र त्याचे कवच आणि हाडे स्फुरदाने (फॉस्फरसने) समृद्ध असतात. मेक्सिकोतील चियापास राज्यातल्या एका नदीत तर या माशांच्या झुंडींनी पाण्यातला स्फुरद इतका आपल्या अंगात साठवून घेतला की नदीच्या पोषणचक्रावर त्याचा परिणाम झाल्याचे अभ्यासात आढळले. तेव्हा जाळ्यातून काढलेला सकर काठावर कुजत टाकण्यापेक्षा फळझाडापासून चार हात लांब, दोन फूट खोल खड्ड्यात शेण आणि पालापाचोळ्याबरोबर पुरावा. जड धातूंची शंका असलेल्या पाण्यातला असेल तर भाजीच्या वाफ्यापासून तो दूरच ठेवावा. पुरण्यापूर्वी मोजपट्टीशेजारी ठेवून त्याची दोन छायाचित्रे काढावीत, एक कुशीवरून आणि एक पोटाचे. ठिकाण व तारीख लिहून ती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला द्यावीत आणि शक्य झाल्यास या सदराकडेही पाठवावीत.